नवीन फोर बाय फोर घेतली, पण तिच्या अलार्मची ओळख कशी करून घेतलीत? अनुभव सांगा

सातारा, धागा काढणारा

दसऱ्याला गाडी घेतली. दोन-तीन वर्षं डोक्यात होतं, फोर बाय फोरच घ्यायची, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी, डिझेल, उंच, घाटातल्या खराब रस्त्याला न घाबरणारी. डिलिव्हरीच्या वेळी त्या मुलाने अर्धा तास सगळं समजावलं, फोर लो हा जास्त ताकदीचा गिअर कधी टाकायचा, चाकं एकत्र फिरवणारं डिफ लॉक काय, फोन कसा जोडायचा. अलार्मबद्दल एकच वाक्य, "रिमोटने लॉक केलं की अलार्म ऑन होतो सर." बस.

दुसऱ्या रविवारी आई, बाबा, बायको, मुलगी सगळ्यांना घेऊन सज्जनगडला गेलो. बाबांचं वय ७१, गुडघ्याचा त्रास, पायऱ्या चढवत नाहीत, म्हणाले तुम्ही जाऊन या मी गाडीतच बसतो. काचा दोन-दोन बोटं खाली ठेवल्या, पाण्याची बाटली दिली आणि उतरून चालता चालता सवयीने खिशातल्या रिमोटचं बटण दाबलं. इंडिकेटर लुकलुकले तेही मी बघितलं, बरं वाटलं की गाडी लॉक झाली. समाधीपाशी पोचलो आणि फोन आला, बाबांचा आवाज नीट ऐकूच येईना, मागे सायरन, "अरे ही बोंबलायला लागलीय, मी कशाला हात नाही लावला रे." त्यांनी फक्त आतून दार उघडलं होतं, वारं लागावं म्हणून. अर्ध्या मिनिटाने सायरन थांबला, त्यांना वाटलं गेलं एकदाचं, दार लावून घेतलं, परत थोड्या वेळाने उघडलं तर परत सुरू. मी पायऱ्या उतरून धावत आलो तेव्हा बाबा उन्हात दाराला धरून उभे होते, भोवती सात-आठ माणसं, आणि एक जण त्यांना विचारत होता "आजोबा, गाडी तुमचीच ना?" माझ्या वडिलांना कोणीतरी हा प्रश्न विचारला हे मला अजून खुपतं. आयुष्यभर एसटीने फिरलेला माणूस, मुलाच्या गाडीत पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसून आला होता.

घरी येऊन मॅन्युअलमधली अलार्मची सगळी पानं वाचली. रिमोटने लॉक केलं की दारं, बॉनेट, मागचं दार सगळ्यांवर पहारा बसतो आणि मग आत बसलेल्या माणसाने दार उघडलं तरी गाडीच्या लेखी ती चोरीच. अंगणात करून पाहिलं, माझ्या गाडीत दाराच्या भोकात किल्ली घालून लॉक केलं तर अलार्म लागत नाही. तुमच्या गाडीत वेगळं असू शकेल, करून बघाच. आता कोणी आत बसणार असेल तर गाडी उघडीच ठेवतो आणि रिमोट त्यांच्या हातात देतो.

तुम्ही काय काय शिकलात, कुठे अडकलात ते लिहा. "सर्व्हिस सेंटरला विचारा" एवढंच नको, काय झालं आणि का झालं तेही सांगा.

नाशिक, ऑटो इलेक्ट्रिशियन

दादा, वाचून वाईट वाटलं, पण हे माझ्याकडे महिन्यातून एकदा तरी कोणीतरी सांगतंच. २२ वर्षं वायरिंगचं काम करतोय, २०२० ला महिंद्राची नवी थार आली आणि २०२३ ला मारुतीची जिम्नी, तेव्हापासून माझ्याकडे फोर बाय फोरवाले गिऱ्हाईक दुप्पट झालं असं म्हटलं तरी चालेल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लोक तीन वेगळ्या गोष्टींना एकच समजतात. सेंट्रल लॉक म्हणजे नुसती दारं. अलार्म म्हणजे दार, बॉनेट, डिकी यांच्या स्विचवर नजर ठेवून ओरडणारा. आणि इमोबिलायझर तिसराच. किल्लीच्या प्लास्टिकमध्ये एक बारीक चिप असते, इग्निशनच्या भोवती कॉइल असते, किल्ली जवळ आली की कॉइल चिपला जागं करते आणि कोड जुळला तरच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजिन चालू राहू देतो. त्या चिपला स्वतःचा सेल लागत नाही. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी गाडी चालू होते, आणि नुसती तशीच दिसणारी किल्ली बाजारातून कापून आणली तर दार उघडेल पण इंजिन धरणार नाही.

आता ऑफरोडवाल्यांचा खास विषय, बॉनेट स्विच. बॉनेटच्या कुलपाजवळ छोटासा स्विच असतो, चिखल बसतो, मग घरी आल्यावर आपण प्रेशरने पाणी मारतो, ते पाणी स्विचच्या रबरात शिरतं आणि आत हिरवी पावडर धरते. मग रात्री गारवा पडला की संपर्क तुटतो, गाडीला वाटतं बॉनेट उघडलं, पहाटे तीनला सायरन. लोक येतात आणि म्हणतात अलार्म काढूनच टाका. अहो अलार्म बरोबर आहे, त्याला मिळणारी खबर चुकीची आहे! स्विच काढायचा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, रबर फाटलं असेल तर बदलायचं, झालं. कुठला स्विच ते शोधायला मल्टिमीटर लावतो, दाबल्यावर आणि सोडल्यावर फरक दिसला पाहिजे. दारांचं घरीही कळतं, सगळी दारं लावल्यावर आतला दिवा पूर्ण विझतो का आणि डॅशबोर्डवरच्या मीटरमधलं दार उघडं असल्याचं चिन्ह जातं का बघा.

बॅटरीचंही सांगून ठेवतो. उभ्या गाडीत अलार्म, घड्याळ, ईसीयू मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर खातात, ते चालतं. ५० धरलं तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर, म्हणजे ६० अँपिअर-अवरची बॅटरी २५ दिवसांत अर्धी. महिनाभर गावाला जाणार असाल तर कोणालातरी आठवड्यातून एकदा गाडी नीट फिरवायला सांगा, कारण बॅटरी फार उतरली की अलार्मही वेडावाकडा वागतो. आणि बॅटरीची वायर काढून परत जोडली की सायरन वाजला तर घाबरू नका, बऱ्याच गाड्या लॉक असतानाची आठवण धरून ठेवतात. रिमोट हातात घेऊनच वायर जोडा.

पुणे

मी एकटीच जाते बऱ्याचदा, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. हरिश्चंद्रगडाला पाचनईच्या बाजूने गेले होते, खाली गाडी लावून रात्री वर गुहेत मुक्काम, दुसऱ्या दिवशी उतरायला उशीर झाला, अंधार पडलेला, पाऊस, आणि रिमोट काही केल्या चालेना. माझी बटण-स्टार्टची गाडी. सेल संपला होता. सगळ्यात आधी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे त्या रिमोटच्या पोटातच एक लोखंडी किल्ली लपवलेली असते, कडेचं छोटं बटण सरकवलं की बाहेर येते. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर प्लास्टिकची टोपी होती, ती काढली, किल्ली घातली, दार उघडलं आणि अपेक्षेप्रमाणे सायरन सुरू, कारण रिमोटने लॉक केलेली गाडी किल्लीने उघडली ना. पण मी मॅन्युअल वाचलं होतं, ब्रेक दाबून रिमोट थेट स्टार्टच्या बटणाला टेकवला, गाडीने चिप ओळखली, इंजिन सुरू, सायरन बंद. सगळं मिळून मिनिटभर असेल. वाचलं नसतं तर त्या पावसात मी काय केलं असतं?

सीआर २०३२ चा सेल लागतो माझ्याला, घड्याळवाल्याकडेही मिळतो. दर दिवाळीला बदलते, एक जास्तीचा ग्लोव्ह बॉक्समध्ये न ठेवता पाकिटात ठेवते. का ते उघड आहे, गाडीच उघडली नाही तर ग्लोव्ह बॉक्सचा काय उपयोग.

धागाकर्ते, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

अलिबाग

माझी गाडी बाहेरून आयात झालेली, सेकंडहँड घेतली. हिला टिल्ट सेन्सर आहे हे मला माहीतच नव्हतं. २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रोरो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, सुरू झाली, तेव्हापासून आम्ही रस्त्याने जाणं जवळजवळ सोडलंच. पहिल्याच फेरीला गाडी खाली लावली, लॉक केली, वर चहा घेतोय तर खालून सायरन. बंद केला, परत. लाटेने बोट कलली की गाडीला वाटतं कोणीतरी जॅक लावून चाक काढतंय किंवा टो करून नेतंय. त्यासाठीच असतो तो सेन्सर. शेवटी एका सहप्रवाशाने सांगितलं की सेटिंगमध्ये आतल्या हालचालीचा आणि कलण्याचा पहारा तेवढ्या एका वेळेपुरता बंद करता येतो, दारांचा चालूच राहतो. आता जेट्टीवर रांगेत असतानाच करून ठेवतो. दाभोळ-धोपावे फेरीलाही तेच.

बर्मिंगहॅम

इथलं दुखणं वेगळं, अलार्म वाजला तर नशीब म्हणायचं. आमच्या शेजाऱ्यांची मोठी एसयूव्ही घरासमोरून गेली आणि गल्लीत कोणाला आवाज नाही. दोन माणसं येतात, एक जण अँटेना घेऊन घराच्या दाराशी उभा राहतो, आत टेबलावर ठेवलेल्या रिमोटचा सिग्नल पकडून दुसऱ्याकडे पाठवतो, आणि गाडीला वाटतं मालकच जवळ आलाय. दार सन्मानाने उघडतं. अलार्म वाजेल कसा, त्याच्या मते चोरी झालेलीच नाही.

आम्ही आमची घेतली तेव्हा विमा कंपनीने मान्यताप्राप्त ट्रॅकर असल्याशिवाय पॉलिसी द्यायला नकार दिला. ट्रॅकर बसवला, स्टीअरिंगला जुन्या पद्धतीचा पिवळा दांडा लावतो, आणि रिमोट रात्री मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात. आईने चितळ्यांची बाकरवडी पाठवली होती त्याच डब्यात. डबा चालतो की नाही ते मात्र तपासावं लागतं, रिमोट आत ठेवून झाकण लावून गाडीपाशी जायचं आणि हँडलला हात लावायचा, उघडली तर डबा बाद. पहिला डबा बाद झाला होता, झाकण सैल. दुसरी किल्लीही त्यातच ठेवा, लोक तीच विसरतात. आता पुण्या-मुंबईत बटण-स्टार्टच्या गाड्या एवढ्या झाल्यात, तुम्हीही ही सवय लावून घ्या.

कोल्हापूर

आमची पहिली गाडी एमएम ५४०, महिंद्राची जुनी जीप. तिला किल्ली हा सोपस्कारच होता, बंद करायला डॅशखालची केबल ओढायची. चोरीचा बंदोबस्त म्हणजे बॅटरीचा कट-ऑफ स्विच, तोही सीटखाली वडिलांनी अशा ठिकाणी लावलेला की मलाच सापडायला दोन दिवस लागले.

नवीन घेतली तेव्हा बेस मॉडेल घेतलं आणि हौसेने बाहेरून अलार्म बसवून घेतला. बसवणाऱ्याने इंजिन बंद पाडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, इग्निशनच्या वायरमध्ये घातला, जोड नुसता पिळून वर टेप. भुईबावडा घाटात चढावर, मागे ट्रक, आणि गाडी धाडकन बंद. पॉवर स्टीअरिंग गेलं, ब्रेक दगड झाला. हँडब्रेक ओढून कशीतरी डोंगराच्या बाजूला घेतली. बायको आणि दोन्ही पोरं आत होती. तो जोड तापून सैल झाला होता. मी हात जोडून सांगतो, बाहेरून बसवायचाच असेल तर चालू इंजिन बंद करणारा कसलाही रिले नको, फक्त स्टार्टर अडवणारा चालेल. आणि जोड सोल्डरचा किंवा नीट क्रिम्प केलेला. बिल आणि वायरिंगचा कागद मागून घ्या.

विम्याचंही लिहून ठेवतो. एआरएआय या पुण्याच्या वाहन-तपासणी संस्थेची मान्यता असलेलं चोरीविरोधी उपकरण रीतसर बसवून सर्टिफिकेट दिलं तर ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, प्रीमियमवर २.५ टक्के सूट धरायची पद्धत आहे, जास्तीत जास्त ५०० रुपये. मोठी रक्कम नाही. मोठी गोष्ट पुढे आहे, गाडी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. दुसरी किल्ली आज कुठे आहे ते आत्ता उठून बघा.

म्हापसा

आमच्याकडे माडाखाली गाडी लावायची नाही हे लहानपणापासून ऐकलेलं, पण जागाच तेवढी. धक्का ओळखणाऱ्या शॉक सेन्सरचा अलार्म, झावळी पडली की सुरू, नरकासुराच्या रात्री फटाक्यांनी तर पहाटेपर्यंत. सेन्सरच्या डबीवर छोटा स्क्रू असतो, संवेदनशीलता कमी करायचा. थोडा थोडा फिरवत बोनेटवर तळहाताने थाप मारून बघितलं, थापेला गप्प आणि मुठीने ठोकल्यावर बोंब, तिथे थांबलो. पाच महिने झाले, शेजारी परत हसून बोलतात.

सातारा, धागा काढणारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पुण्याच्या ताई, बाबांना नमस्कार पोचवला, त्यांनी तुमचा अनुभव दोनदा वाचायला लावला.

काल संध्याकाळी बाबांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, रिमोट त्यांच्या हातात दिला आणि मी बाहेर उभा. लॉक करायचं, डॅशवरचा लाल ठिपका लुकलुकायला लागला की मग आतून दार उघडायचं, सायरन वाजू द्यायचा, आणि अनलॉकचं बटण दाबायचं. पहिल्या वेळी त्यांचा अंगठा थरथरला, बटण दोनदा निसटलं. चौथ्या-पाचव्या वेळी त्यांनी न बघता दाबलं आणि स्वतःच म्हणाले, "आता तू लाव, मी बाहेरून बघतो." शेजारच्या काकू गॅलरीत आल्या तेव्हा बाबांनीच त्यांना सांगितलं की काही नाही, गाडीची परीक्षा चालू आहे. पुढच्या रविवारी परत सज्जनगड, त्यांनीच ठरवलंय.

नाशिकचे दादा, तुमचं वाचून बॉनेट उघडून बघितलं. स्विचच्या रबराला खालच्या बाजूने बारीक चीर आहे आणि आत थोडी माती दिसते, अजून सायरन कधी उगाच वाजलेला नाही. आत्ताच बदलून टाकू की नुसतं साफ करून पावसाळ्याआधी बघू?