उत्तर: उत्तर: गणपतीचं जेवण – आणि आमची अडकलेली स्लाइड

प्रेषक: सुहास

मंडळी, नमस्कार.

जेवणाच्या धाग्यात घुसतोय, माफ करा. डॅलसच्या आपल्या मेल-यादीवर हा एकच धागा सगळे उघडतात म्हणून.

आमची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, बहुतेकांनी पाहिली आहे. गेल्या दसऱ्याला मंदिराच्या पार्किंगमध्ये चाकांखाली लिंबं ठेवली होती ती. अकरा महिन्यांत तिसऱ्यांदा स्लाइड अडकली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गाडी उभी केली की भिंतीचा एक अख्खा तुकडा टेबलाच्या खणासारखा बाहेर सरकतो आणि आत खोलीएवढी जागा होते, ती स्लाइड. या वेळी टेक्ससमधल्याच पालो ड्युरो कॅन्यनच्या, म्हणजे खोल दरीच्या, तळाशी, रात्री साडेनऊला, एक टोक आत आणि दुसरं वीतभर बाहेर अशी तिरकी होऊन बसली. बाथरूमचं दार जेमतेम चार बोटं उघडत होतं. चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई पलंगावर चढून, पलीकडे उतरून, आडवी होऊन आत गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढ्या पैशात साताऱ्याला वन बीएचके आला असता. दारं तरी उघडली असती."

वर पाऊस. कोपऱ्यातून पाणी शिरलं आणि आता बाहेरच्या भिंतीला फुगा आलाय, टम्म पुरीसारखा.

डीलर म्हणतो, गाडी बनवणारी कंपनी आमचे आधीचेच पैसे देत नाही, वॉरंटीत काम घेणार नाही, रोखीनं करायचं तर करतो. कंपनीला सहा मेल केले. सहाही उत्तरांत "तीन आठवडे". मालकांच्या फेसबुक ग्रुपवर बोंबाबोंब झाली तेव्हा कंपनीचा एक माणूस उगवला, "ग्राहक म्हणजे आमचं कुटुंब" असं लिहिलं आणि चाळीसेक प्रतिक्रिया आल्यावर प्रतिक्रियाच बंद केल्या. कंपनी बुडतेय अशी कुजबुज आहे.

विनंती अशी: आपण यादीवर तीनशेजण आहोत. प्रत्येकानं कंपनीच्या पानावर जाऊन एक स्टार द्यावा. दोन मिनिटांचं काम. नाव आणि दुवा वैयक्तिक मेलवर पाठवतो.

सुहास


प्रेषक: मीनाक्षी

सुहास,

आधी आईंना नमस्कार सांग. त्यांचा वन बीएचकेचा हिशोब मला पटला.

एक स्टार मी देणार नाही. मी तुझ्या गाडीत झोपलेले नाही, मग मी कशाला खोटी साक्ष देऊ? तुझी तक्रार खरी आहे, तिच्यात तीनशे खोट्या मिसळल्या की तीही खोटी दिसायला लागेल.

आता अनुभवाचं. आम्ही दोघं २००७ पासून या नादात आहोत. २००८च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं, मग बँकांनी कर्जं द्यायची थांबवली, आणि या धंद्याचा कणाच मोडला. २००९च्या मार्चमध्ये एकाच आठवड्याच्या अंतरात मोनॅको आणि फ्लीटवूड या दोन मोठ्या कंपन्या दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या. मोटरहोमचं माहेरघर म्हणजे इंडियानातलं एल्कहार्ट. ओबामा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर महिन्याभरात तिथं भाषणाला गेले होते, इतकी तिथली बेकारी वाढली होती. त्याच मार्चच्या शेवटी त्यांनी जाहीर केलं की जीएम आणि क्रायस्लर या मोटार कंपन्यांच्या वॉरंटीमागे सरकार उभं राहील. आम्ही कॅम्पग्राउंडवर रेडिओ लावून बसलो होतो. हे म्हणाले, "आपल्या मागे कोण उभं आहे?" मागे वळून पाहिलं तर कचऱ्याचा डबा होता.

आमची गाडी वर नाव घेतलेल्या दोघांची नव्हती, पण आमचीही कंपनी बसली. वॉरंटीचा कागद चांगला जाड, सोनेरी कडांचा होता. अजून आहे.

पण गाडी चालली! कारण मोटरहोमची वॉरंटी ही एक वॉरंटी नसतेच. खालची गाडी एकाची, वरचं घर दुसऱ्याचं, आणि घरातला फ्रिज, जनरेटर, एसी, भट्टी प्रत्येकी वेगळ्यांची. तुझी फोर्डच्या ई-४५० वर बांधलेली आहे ना? तर इंजिन आणि गिअरबॉक्सला पाच वर्षं किंवा साठ हजार मैल फोर्ड बांधील आहे, वरची कंपनी राहो की जावो. जनरेटरचं तसंच. घर बांधणारा बुडाला तर जातात त्या भिंती, छत, आणि तुझा तो फुगा.

म्हणून आज संध्याकाळी एवढं कर. गाडीतलं प्रत्येक यंत्र उघडून त्यावरच्या पट्टीचा फोटो काढ. मॉडेल नंबर, सिरियल नंबर. फ्रिजची पट्टी बहुतेक आतल्या भिंतीवर असते, भट्टीची बाहेरच्या झाकणामागे. मग प्रत्येक कंपनीकडे स्वतःच्या नावानं नोंदणी कर. कार्डं अजून त्या प्लास्टिकच्या पिशवीतच असतील, मला माहीत आहे.

आणि छताचे सांधे दर तीन महिन्यांनी तपासल्याच्या नोंदी आहेत का? नसतील तर फुग्याचं खापर तुझ्याच डोक्यावर फुटणार. मॅन्युअल वाच. कोणी वाचत नाही, आम्हीही वाचलं नव्हतं.

मीनाक्षीताई


प्रेषक: केतकी

सर्वांना नमस्कार. मी वकील आहे, पण टेक्ससमध्ये परवाना नाही. त्यामुळे याला सल्ला न समजता फक्त माहिती समजा.

मीनाक्षीताई म्हणाल्या त्यात थोडी भर. कंपनी अजून दिवाळखोरीच्या कोर्टात गेलेली नाही, ही सुहासदादांच्या दृष्टीनं चांगली गोष्ट आहे. १९७५चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. लेखी वॉरंटी दिली की कंपनीला "वस्तू ठीक असेल" ही गृहीत हमी झटकून टाकता येत नाही, आणि ग्राहक जिंकला तर कोर्ट वकिलाची फी कंपनीकडून देववू शकतं. शिवाय टेक्ससच्या लेमन कायद्यात, म्हणजे सारख्या बिघडणाऱ्या नव्या गाड्यांसाठीच्या कायद्यात, मोटरहोम बसते. सगळ्या राज्यांत तसं नाही. कॅलिफोर्नियात त्या कायद्याखाली गाडीचा चालणारा भाग धरतात, राहण्याचा धरत नाहीत. टेक्ससमध्ये मोटार खात्याकडे ३५ डॉलर भरून तक्रार करता येते. मुदत असते, दिवस मोजा.

कंपनी चॅप्टर ११ मध्ये, म्हणजे धंदा चालू ठेवून करायच्या दिवाळखोरीत, गेली तर मात्र खेळ बदलतो. त्या दिवसापासून सगळे दावे थांबतात. बऱ्याच कंपन्या पहिल्याच दिवशी कोर्टाकडून वॉरंटीची कामं चालू ठेवायची परवानगी मागतात, कारण गिऱ्हाईक पळालं तर विकायला काही उरत नाही. पण ती परवानगी असते, बंधन नव्हे. तुम्ही तारण नसलेल्या घेणेकऱ्यांच्या रांगेत, म्हणजे जवळजवळ शेवटी. दावा दाखल करायची एक तारीख येते, ती चुकली की रांगेतूनही बाहेर. आणि कंपनी दुसऱ्यानं विकत घेतली तरी तो नाव, साचे, कारखाना घेतो. जुनी देणी घेईलच असं नाही. २०१९च्या फेब्रुवारीत कॅनडात ओंटारियोमध्ये हायमर या मोटरहोमवाल्यांच्या उत्तर अमेरिकेतल्या कंपनीवर रिसीव्हर, म्हणजे कोर्टानं नेमलेला कारभारी, बसला. तिची मूळ जर्मन कंपनी त्याच महिन्यात थॉर या अमेरिकन मोटरहोम कंपनीनं विकत घेतली होती, पण हिशोबात गडबड सापडल्यामुळे हा तुकडा व्यवहारातून मुद्दाम वगळला होता. या तुकड्याचा रोडट्रेक हा ब्रँड नंतर एका फ्रेंच समूहानं घेतला. पाटी तीच, मालक नवा. अशा वेळी जुन्या गिऱ्हाइकानं कुणाचं दार ठोठवायचं?

एक शेवटचं. कर्ज डीलरमार्फत झालं असेल तर करारात ठळक अक्षरांत एक परिच्छेद शोधा: "हा करार ज्याच्या हाती असेल त्याच्यावर विक्रेत्याविरुद्धचे दावे लागू राहतील" अशा अर्थाचा. मोठ्या रकमेच्या कर्जात तो छापणं सक्तीचं नसतं, पण छापलेला असेल तर डीलरशी असलेलं तुमचं भांडण बँकेच्याही गळ्यात पडतं. हप्ता मात्र मनानं बंद करू नका.

केतकी


प्रेषक: सुहास

सगळ्यांचे आभार, पण क्षमा करा, मला पस्तीस डॉलरची तक्रार आणि फ्रिजच्या पट्ट्या नकोत. मला स्लाइड आत गेलेली हवी आहे. मी रिप्लाय-ऑल केलंय म्हणून स्पष्टच लिहितो: हे लोक चोर आहेत. तिथं बसून "तीन आठवडे" टाइप करणाऱ्या माणसाला एक रात्र माझ्या आईच्या जागी ठेवा.

सुहास


प्रेषक: प्रसाद

सुहासदादा,

मला डॅलस सोडून पाच वर्षं झाली, यादीवरून नाव काढायचं राहून गेलंय. गणपतीच्या जेवणाची यादी वाचायला बरं वाटतं म्हणून काढलं नाही.

मी त्याच कंपनीत आहे. वॉरंटी विभागात. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण फेसबुकवरचं ते "कुटुंब" वाचून कळलं. तुमच्या सहापैकी दोन उत्तरं तरी माझ्या टेबलावरून गेली असतील.

"तीन आठवडे" कुठून येतात ते सांगतो. पूर्वी मोटरी, पंप, नळ पुरवणारे आम्हाला तीस-पंचेचाळीस दिवस उधार द्यायचे. जूनपासून ते म्हणतात, आधी पैसे, मग माल. दर सोमवारी हिशोब विभाग ठरवतो की या आठवड्यात कोणत्या भागांचे पैसे भरायचे. आणि आधी नंबर लागतो तो लाइनवरच्या नव्या गाड्यांचा. कारण नवी गाडी फाटकाबाहेर पडली की डीलरला माल उचलायला कर्ज देणारा सावकार आम्हाला लगेच पैसे देतो. तुमच्या गाडीला मोटर पाठवली की नुसता खर्च. म्हणून जुन्यांची यादी पुढच्या सोमवारवर जाते. मग त्याच्या पुढच्या. मला तारीख कळत नाही, आणि "माहीत नाही" असं लिहायची परवानगी नाही.

धंदा फुगला तेव्हा सगळ्यांना वाटलं, हे असंच राहणार. २०२१ मध्ये देशात मोटरहोम आणि मागून ओढायची फिरती घरं मिळून सहा लाखांवर गाड्या कारखान्यांतून निघाल्या, २०२३ मध्ये तीन लाख तेरा हजारांच्या आसपास. आम्ही सहा लाखांच्या हिशोबानं शेड बांधली. त्या काळात लाइनवर बरेचजण नगावर पैसे घेणारे होते, दुपारी दोनला दिवसाचा आकडा पुरा करून घरी. तुमचा तो सांधा बहुतेक पावणेदोन वाजता भरलेला असणार. मला हे लिहायला नको होतं.

स्टारबद्दल. खरं सांगू का, जे जास्त ओरडले त्यांचे भाग आधी गेले. ते बरोबर नव्हतं, पण गेले. तीनशे अनोळखी लोक एकदम आले की मात्र आमचे लोक ते खोटे म्हणून काढून टाकायला अर्ज करतात आणि त्यात तुमचाही जातो. मीनाक्षीताईंचं म्हणणं धरा.

आता स्लाइड. तुमच्या मॉडेलला दोन बाजूंना दोन मोटरी आहेत, भिंतीतल्या दातेरी पट्टीवर चालणाऱ्या. एक पुढे गेली, दुसरी मागे राहिली की मेंदू गोंधळतो आणि दोन्ही थांबवतो. पलंगाखालचं फळकूट काढा, तिथं पत्त्याच्या जोडाएवढा कंट्रोलर आहे. त्यावर बारीक मोड बटण. ते सहा वेळा पटापट दाबायचं, सातव्यांदा दाबून धरायचं, लाल आणि हिरवा दिवा लुकलुकेपर्यंत. मग नेहमीच्या स्विचनं स्लाइड आत घ्या, मध्ये सोडू नका. बाहेर एक माणूस दोन्ही कोपऱ्यांवर नजर ठेवायला हवा. खाली कुणी हात घालायचा नाही. वाटेतली भांडी आधी काढा, एकाचा कुकर आम्ही चपटा झालेला पाहिलाय.

आणि आमची वाट पाहू नका. मोटरवरच्या स्टिकरचा नंबर घेऊन पुरवठादाराकडे थेट मागवा, पण आधी आम्हाला मेल करून "मी स्वतः मागवतोय, बिल दाव्याला जोडीन" असं लेखी कळवा. जुनी मोटर फेकू नका.

तुमच्या आईंची क्षमा मागतो. चोर म्हणालात त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही.

प्रसाद


प्रेषक: सुहास

प्रसाद,

बटण सापडलं. आई टॉर्च धरून बसली होती, मोठ्यानं मोजत. सहाव्याला माझा अंगठा घसरला, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला दिवे लुकलुकले आणि स्लाइड कुरकुरत, पण सरळ, आत गेली. कुकर आधी काढला होता.

मोटर मागवली. फुग्याचे फोटो तारखेसकट काढले. छत तपासल्याच्या नोंदी नाहीत, ताई, तुम्ही ओळखलंत. रिव्ह्यू मी एकट्यानं टाकला, दोन स्टार, तारखांसह. "चोर" हा शब्द त्यात नाही. इथला मागे घेतो. रिप्लाय-ऑल केला होता म्हणून रिप्लाय-ऑलच करतोय.

पस्तीस डॉलरही भरले.

सुहास


प्रेषक: कार्यवाह

धाग्याचा विषय कृपया बदला, मला "गणपती" शोधलं की मोटरी येतात. मोदकांची नोंद अजून फक्त एकशे चाळीस. मसालेभात कुणाकडे? सुहास, तुमच्या गाडीतला जनरेटर हॉलच्या मागे लावता येईल का, कॉफीची भांडी चालवायला?


प्रेषक: प्रसाद

हा निरोप घरच्या पत्त्यावरून पाठवतोय. ऑफिसचा पत्ता शुक्रवारनंतर चालणार नाही, त्यावर लिहू नका. सुहासदादा, तुमचा दावा क्रमांक आणि "स्वतः मागवतोय" ही तुमची मेल मी काल फाइलला जोडली, पोचही पाठवली आहे. ती छापून ठेवा. पुढे कोर्टाकडून पत्र आलं तर हीच प्रत लागेल, केतकीला विचारा.

यादीवर हा पत्ता घ्याल का? मसालेभात कोण करणार ते कळलं नाही अजून.

प्रसाद