विषय : फार्मसी फर्स्टची पाटी असूनही परत पाठवलं तर?

रेडिंगहून

नमस्कार मंडळी,

शनिवारी संध्याकाळी धाकट्याचा कान ठणकायला लागला. वय चार. जीपी (आपला नेहमीचा डॉक्टर) बंद, म्हणून जवळच्या फार्मसीत नेलं. दारावर ‘फार्मसी फर्स्ट’ची (काही ठरावीक दुखण्यांवर जीपीकडे न जाता फार्मसीतच उपचार देणाऱ्या सरकारी सेवेची) भली मोठी पाटी, आणि आत उत्तर मिळालं, “आजचे फार्मसिस्ट हे करत नाहीत, सोमवारी या.” पोरगं कान धरून रडतंय आणि मी पाटी वाचतेय! शेवटी पलीकडच्या रस्त्यावरच्या फार्मसीत काम झालं.

पाटी लावल्यावर असं नाही म्हणता येतं का? मंडळाच्या कमिटीतही टूम निघाली आहे की पत्रिकेत आपल्या भागातल्या फार्मसींची यादी द्यावी. द्यायची तर तिच्यात काय लिहायचं? गणपतीत हॉलवर बीपी तपासायला कुणी येईल का, हेही विचारायचं होतं.

*

लेस्टरहून

ताई,

नाही म्हणता येत नाही. पण का येत नाही हे कळलं, तर पुढच्या वेळी काउंटरवर नीट भांडता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी स्वतः फार्मसीत काम करतो, तेव्हा मला घरचा भेदी समजा.

इंग्लंडात एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) फार्मसींशी जो करार आहे, त्यात काही सेवा प्रत्येक फार्मसीला द्याव्याच लागतात. चिठ्ठीवरची औषधं देणं, नको असलेली औषधं परत घेणं, आपल्याकडे होत नसेल तर जिथे होईल तिथे पाठवणं, या त्यातल्या. ‘हेल्दी लिव्हिंग फार्मसी’ ही कल्पना पोर्ट्समथमध्ये सुरू झाली तेव्हा ऐच्छिक होती. १ जानेवारी २०२१पासून ती सगळ्यांना लागू झाली. त्यामुळे दुकानात प्रशिक्षण घेतलेला ‘हेल्थ चॅम्पियन’ असावाच लागतो, आणि सिगारेट, वजन, दारू यांबद्दल विचारायला आलेल्याची “जीपीला विचारा” एवढ्यावर बोळवण करता येत नाही. जाता जाता : भारतातून आणलेल्या, तारीख उलटलेल्या गोळ्यांचा डबा आपल्या प्रत्येकाच्या घरी असतो. तो फार्मसीत नेऊन द्या, पैसे लागत नाहीत. फक्त वापरलेल्या सुया सगळीकडे घेत नाहीत, त्या विचारून न्या.

तुमचा किस्सा मात्र दुसऱ्या प्रकारात बसतो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ सेवा घ्यायच्या की नाही, ही मालकाची मर्जी. पण एकदा नाव नोंदवलं की मर्जी संपली. फार्मसी फर्स्ट ३१ जानेवारी २०२४ला सुरू झाली तीच या अटीवर. घसा, सायनस, मुलांचा कान, किडा चावून चिघळलेली जागा, इम्पेटिगो (कातडीचा एक संसर्ग), नागीण आणि बायकांचा लघवीचा संसर्ग, अशी सात दुखणी. यातली चार घेतो, तीन नको, असं चालत नाही. कान बघायला ओटोस्कोप लागतो, म्हणून ऑनलाइन फार्मसींना कान तेवढा माफ आहे, बाकीच्यांना नाही. आणि दुकान उघडं आहे तोवर सेवा मिळाली पाहिजे. शनिवारी लोकम (बदली फार्मसिस्ट) येणार असेल, तर त्याला हे काम येतं का, हे आधी बघणं मालकाचं काम, तुमचं नाही. एखाद्या दिवशी खरोखरच जमत नसेल, तर १११ (एनएचएसची फोनसेवा) आणि जीपी जिथे बघतात तिथे तसं कळवायचं आणि दारात आलेल्याला दुसरी फार्मसी शोधून द्यायची. “सोमवारी या” हे करारात कुठेच नाही.

उरल्या स्थानिक सेवा. २०१३पासून सार्वजनिक आरोग्याचं बरंच काम काउन्सिलकडे गेलं. सिगारेट सोडवणं, मेथाडोन (हेरॉइनसारखी नशा सोडवायचं औषध) समोर उभं राहून घ्यायला लावणं, नशा करणाऱ्यांना सुया बदलून देणं, काही ठिकाणी ४० ते ७४ वयाच्यांची हेल्थ चेक, हे काउन्सिल आपापल्या फार्मसींकडून करारावर करून घेते. काउन्सिलची हद्द ओलांडली की करार बदलतो. तिथे “आमच्याकडे नाही” हे उत्तर खरं असू शकतं आणि त्यावर भांडून उपयोग नसतो. म्हणून यादीच्या भानगडीत पडू नका असं माझं मत. छापून येईपर्यंत ती शिळी होईल आणि लोक आपल्या नावाने बोटं मोडतील.

*

मिल्टन कीन्सहून

लेस्टरकर, करार कागदावर छानच दिसतो. पण दुकानात फार्मसिस्ट एकच. तो खोलीत गेला की बाहेर चिठ्ठ्या अडकतात. सुरुवातीला एका सल्ल्याचे १५ पौंड देत होते आणि ठरलेला आकडा गाठला तर महिन्याचे १००० पौंड वेगळे. एवढ्यात दुसरा फार्मसिस्ट ठेवून दाखवा कुणी!

आमच्या हिला (वय ६७) लघवीच्या संसर्गासाठी थेट जीपीकडे धाडलं. शिवाय कधीपासून जळजळ, ताप आहे का, हे सगळं काउंटरवर, ओळखीच्या चार बायका मागे उभ्या असताना विचारलं. हे तुमच्या कुठल्या प्रकारात बसतं?

*

ग्लासगोहून

इकडे स्कॉटलंडची फार्मसी फर्स्ट वेगळी आहे, जुलै २०२०पासूनची. औषधांचे पैसेही पडत नाहीत, चिठ्ठ्याच २०११पासून मोफत. कृपया पत्रिकेत ‘यूकेमध्ये’ असं सरसकट लिहू नका, आमच्या मंडळींचा घोळ होतो. वेल्सचंही तंत्र निराळं आहे.

*

लेस्टरहून

ग्लासगोकरांचं बरोबर, ‘इंग्लंडात’ असंच लिहावं.

काका, काकूंना जीपीकडे पाठवलं ते योग्यच होतं. लघवीच्या संसर्गासाठी ही सेवा १६ ते ६४ वयाच्या बायकांनाच आहे. वयाच्या मर्यादा प्रत्येक दुखण्याला वेगळ्या आहेत : कानाला १ ते १७, घशाला ५च्या पुढे, सायनसला १२च्या पुढे, नागिणीला १८च्या पुढे. पण काउंटरवर चौकशी केली ती चूक, आणि तक्रार करायचीच तर तिची करा. बसता येईल आणि नेहमीच्या आवाजात बोललेलं बाहेर ऐकू जाणार नाही अशी खोली या सेवेसाठी सक्तीची आहे. काकूंनी “आत बसून बोलू या का?” एवढं म्हटलं असतं तरी त्यांना खोली उघडावी लागली असती.

पैशांचं म्हणणं मला मान्य आहे, महिनाअखेरीला आम्हीही तेच बोलतो. पण पाटी लावायची सक्ती कुणी केलेली नाही. जमत नसेल तर बाहेर पडावं.

तक्रार आधी फार्मसीकडेच करायची. तिथे भागलं नाही तर आपल्या भागाच्या आयसीबीकडे (एनएचएसच्या स्थानिक मंडळाकडे). २०२३पासून हे काम त्यांच्याकडे आहे. जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल (फार्मसिस्टांवर देखरेख ठेवणारी संस्था) ही चुकीचं औषध दिलं, गैरवागणूक झाली अशा गोष्टींसाठी. शनिवारचा लोकम तिथे नेऊ नका.

बीपीचं : ऑक्टोबर २०२१पासून ४० वर्षांवरच्या, बीपीचं निदान न झालेल्या माणसाला नोंदणी केलेल्या फार्मसीत मोफत तपासून मिळतं. १४०/९०च्या वर आलं तर २४ तासांचं यंत्र दंडाला बांधून देतात. आपल्या लोकांत हृदयविकार आणि मधुमेह जास्त, आणि “मला काही होत नाही” म्हणणारे त्याहून जास्त. पण ही सेवा दुकानातली आहे. हॉलवर यायचं तर फार्मसीला आधी परवानगी काढावी लागते, आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात विचारून ती मिळणार नाही.

*

रेडिंगहून

यादी रद्द. त्याऐवजी पत्रिकेत एक चौकट टाकते : सात दुखणी, त्यांची वयं, आणि निघण्याआधी फोनवर विचारायचं एकच वाक्य, “आत्ता ड्यूटीवर असलेले फार्मसिस्ट फार्मसी फर्स्ट करतात का?” मजकूर लेस्टरला तपासायला पाठवते. त्या फार्मसीला मी आज लेखी कळवलं आहे, उत्तर आलं की इथे टाकेन. बीपीच्या परवानगीसाठी फार्मसीशी बोलायला कोण तयार आहे? हॉलचा अर्ज या महिन्यातच भरायचा आहे.