मुलांसाठी घेतलेल्या खंडानंतर पुन्हा नोकरी : नेमकं कुठे अडतं?

भरतीच्या बाजूने

गॅप लपवायची धडपड आधी सोडा. तारखा गाळून नुसती कौशल्यांची यादी दिली की वाचणाऱ्याला पहिली शंका तिथेच येते. शिवाय बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन रकाने, चौकटी, चित्रं असली की त्यातला मजकूर उलटसुलट होतो. एकच रकाना, साधा टाइप, फार तर दोन पानं. खंडाची नोंद नोकरीसारखीच करा: 'मुलांच्या संगोपनासाठी खंड, २०१६–२०२४'. त्या काळात कोर्स केला असेल, कुणाचे हिशेब सांभाळले असतील, तर ते खाली दोन ओळींत. 'घराची मॅनेजिंग डायरेक्टर' वगैरे कृपया नको. लिंक्डइनवर २०२२पासून करिअर ब्रेकची वेगळी नोंद करता येते, ती वापरा.

मुलाखतीतलं उत्तर तीन वाक्यांचं: खंड का घेतला, आता परत का, सध्या हातात काय येतं. अर्ध्या मिनिटापलीकडे गेलं की ते माफीनाम्यासारखं ऐकू येतं.

हिशेब खात्यातून

'सध्या हातात काय येतं' इथेच बहुतेकींची गाडी अडते. 'एक्सेल येतं' एवढ्यावर भागत नाही. व्हीलुकअपवर (तक्त्यातून हवी ती नोंद शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र) हात बसला असेल तर त्याचा नवा अवतार एक्सलुकअप शिकून घ्या. व्हीलुकअपला शोधायचा रकाना सगळ्यात डावीकडे लागतो, आणि मध्ये नवा रकाना घुसवला की उत्तर चुकीच्या रकान्यातून येतं. एक्सलुकअपला या दोन्ही अडचणी नाहीत. मात्र एक्सेल २०१९मध्ये ते नाही, म्हणून दोन्ही यायला हवीत.

सरावाला बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट उत्तम. पॉवर क्वेरीने (बाहेरची माहिती एक्सेलमध्ये आणून नीट लावायचं साधन) आत घ्या, खर्चाचे प्रकार पाडा, पिव्होट टेबलने महिनावार बेरीज काढा. हमखास फसतात त्या तारखा: काही तारखा म्हणून येतात, काही नुसता मजकूर म्हणून. रकान्याची मांडणी बदललेली नसेल तर खरी तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. दिवस-महिना उलटले असतील तर १२ तारखेपर्यंत काहीच कळत नाही, १३ पासून घोळ दिसतो.

प्रोग्रॅमिंगवाल्यांसाठी जोड

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीचा, पायथन २ चा, अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. जुना कोड पायथन ३ वर चालवला की प्रिंट या आज्ञेला कंस नसल्याची चूक लगेच दिसते, म्हणून ती निरुपद्रवी. भागाकार मात्र गुपचूप बदलतो: ५ भागिले २ आधी २ यायचं, आता २.५. पाच प्रमाणपत्रांपेक्षा गिटवर (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) ठेवलेला, टेस्टसकट चालणारा एक लहान प्रकल्प जास्त बोलतो.

घरची बाजू

सगळे रेझ्युमेवर बोलताहेत, पण नोकरी सुटते ती बहुधा घरच्या वेळापत्रकामुळे. पाळणाघर रुजू व्हायच्या दिवशी सुरू करू नका. किमान महिनाभर आधी. पहिल्यांदा तासभर, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. मूल नव्याने घोळक्यात गेलं की सुरुवातीचे काही महिने सर्दी-ताप पाठ सोडत नाहीत, आणि नेमके तेच महिने प्रोबेशनचे, रजा हाताशी नसण्याचे. कोणत्या वारी कोणी घरी थांबायचं हे आधीच ठरवून लिहून ठेवा. शाळेच्या यादीत पहिला नंबर वडिलांचा द्या. एवढ्याने दुपारचे निम्मे फोन टळतात!

पगाराबद्दल

शेवटच्या पगारावर टक्के चढवू नका, तो आकडा शिळा झालेला असतो. त्याच पदाच्या आजच्या जाहिराती पाहून आकडा ठरवा. पाळणाघराचा खर्च एकट्या आईच्या पगारातून वजा करायची रीतही चुकीची. तो दोघांच्या मिळकतीतून जातो.

अर्धवेळ घेत असाल तर कोणती कामं कमी होणार हे लेखी घ्या, नाहीतर पाच दिवसांचं काम तीन दिवसांत कोंबलं जातं. रिटर्नशिप (खंडानंतर परतणाऱ्यांसाठीची ठरावीक मुदतीची नेमणूक) असेल तर आधी विचारा: मानधन किती, मुदत किती आठवडे, शेवटी कायम करायचा निर्णय कोणाचा.

राहिलेलं

परवाना लागणारे व्यवसाय असतील तर आधी नोंदणीचं नूतनीकरण, मग अर्ज. आणि संदर्भासाठी जुन्या वरिष्ठांचं नाव देण्याआधी त्यांना फोन करा, कोणत्या कामाबद्दल बोलायचं ते सांगा. त्यांचा जुना ऑफिसचा मेल देऊ नका, तो बहुधा बंद पडलेला असतो.