‘सेल्फ-असेम्ब्ली’ला काय म्हणावं? स्वयंरचना, स्वयंजुळणी की आणखी काही? (बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांची गावं दिली आहेत.)

मालवण: विज्ञान दिनाला बारावीच्या मुलांसमोर पेरोव्हस्काइट (ठरावीक स्फटिकरचनेचे पदार्थ) याच्या अब्जांश, म्हणजे नॅनो, स्फटिकांवर मराठीतून बोलायचं आहे. ‘सेल्फ-असेम्ब्ली’वर गाडी अडली. ‘स्वयंरचना’ म्हटलं की मुलांना वाटणार, स्फटिक स्वतःलाच रचतो, म्हणजे वाढतो. इथे स्फटिक आधीच तयार आहेत. सिझियम लेड ब्रोमाइडचे, साधारण दहा नॅनोमीटर बाजूचे चौकोनी ठोकळे टोल्युइन या द्रावकात तरंगतात. टोल्युइन सावकाश उडून गेलं की ते ओळीत, थरांवर थर असे बसतात. या बसण्याला शब्द हवा.

शिरोडा: आमच्या आगरात मीठ ‘पिकता’. पाणी सुकता, मीठ पिकता. कोणी घडवीत नाय. ‘पिकणे’ चालेल का बघा.

रत्नागिरी: शब्द झकास आहे, पण तो एक पायरी अलीकडचा. वाफ्यात मीठ पिकतं तेव्हा सोडियम आणि क्लोरीनचे आयन ओळीत लागतात आणि दाणा तयार होतो. भिंगाखाली धरला तर चौकोनीच दिसतो. पण त्या दाण्यांची पुढे होते ती रास. एक दाणा मोठा, एक बारीक, आणि एवढ्या जड दाण्याला नीट जागा सापडेपर्यंत हलवणार कोण? अब्जांश ठोकळ्याला द्रावकाचे रेणू सतत धक्के देत असतात, त्यामुळे वाकडा बसलेला सुटतो, पुन्हा बसतो. ठोकळे एकाच मापाचे हवेत आणि सुकणं संथ हवं. घाई केली की इथेही रासच.

आता शब्दाचं. ‘रचणे’ला रचणारा लागतोच, म्हणून ‘स्वयंरचना’ कानाला खटकते. मराठीत ‘जुळवणे’ आणि ‘जुळणे’ अशी जोडी आहे. मध्यस्थ लग्न जुळवतो; लग्न जुळतं तेव्हा कर्त्याचं नाव घ्यावं लागत नाही. आपल्याला हवं ते ‘जुळणे’. पण नाम केलं की दोन्हींचं ‘जुळणी’च होतं, आणि छापखान्यातली अक्षरजुळणी, कारखान्यातली सुट्या भागांची जुळणी ही माणसाच्या हाताची. मग मागे ‘स्वयं’ लावण्यापेक्षा ‘आपसूक जुळणी’ म्हणा. बारावीच्या पोराला समजवावं लागणार नाही.

अलिबाग: ‘आपसूक’ बोलीतला आहे, पाठ्यपुस्तकात कसा दिसेल? ‘स्वयंजुळणी’ निदान समासात बसते. शिवाय ‘आपसूक’ म्हटलं की काहीच करावं लागत नाही असं वाटतं. ठोकळ्यांच्या पृष्ठभागावर ओलेइक आम्ल आणि ओलेइलअमाइनचे लांब शेपट्यांचे रेणू चिकटवलेले असतात. ते नसतील तर ठोकळे एकमेकांत मिसळून जातील. ती तयारी माणसाचीच.

रत्नागिरी: तयारी माणसाची, जागा ठोकळ्यांनी धरायची. लग्नातही मांडव आपणच घालतो ना! पाठ्यपुस्तकाचं म्हणाल, तर बोलीतला शब्द पुस्तकात गेला म्हणून पुस्तक बिघडत नाही. लेख संस्कृतप्रचुर असेल तर ‘स्वयंजुळणी’ घ्या, माझी हरकत नाही. ‘स्वयंरचना’ मात्र नको.

मालवण: ‘आपसूक जुळणी’ घेते, धन्यवाद. आता ‘सुपरलॅटिस’, म्हणजे ठोकळे असे बसून होणारी रचना. ‘लॅटिस’ म्हणजे जालक, ओळीत लागलेल्या कणांची जाळी. ‘अतिजालक’ की ‘महाजालक’?

रत्नागिरी: ‘अतिवाहकता’त (सुपरकंडक्टिव्हिटी) ‘अति’ शोभतो, कारण तिथे वाहकता कमालीची असते. इथे जालक कमालीचं नाही आणि मोठंही नाही. हा पुंजका बहुधा काही मायक्रोमीटरचाच असतो. प्रत्येक ठोकळ्यात अणूंचं जालक आणि त्या ठोकळ्यांचं वर आणखी एक. म्हणून ‘अधिजालक’. पहिल्यांदा येईल तिथे ‘जालकांचं जालक’ अशी फोड करून सांगा.

एवढा खटाटोप कशासाठी, हेही मुलांना सांगा. २०१८ साली अशा अधिजालकांवर प्रयोग झाला. सुमारे ६ केल्विन तापमानाला स्फटिकांनी सुटा सुटा प्रकाश न देता संगनमताने, झटक्यात आणि एकदम दिला. राशीत हे होत नाही, कारण तिथे जो तो आपल्या तालात. पुढे एलईडी आणि लेझरसाठी लोक या नीट बसलेल्या थरांमागे लागले आहेत, त्यामागे हेही एक कारण. अडचणीही सांगा: यात शिसं आहे, आणि ओलावा यांना सोसत नाही. आपल्याकडच्या जुलैत उघडे ठेवले तर कठीणच.

शिरोडा: म्हणजे मिठासारखाच, पावसात पाणी सुटता!

अलिबाग: एलईडी, लेझर अशा उपकरणांना म्हणतात त्या ‘ऑप्टोइलेक्ट्रॉनिक’ला ‘प्रकाशविद्युत’ करू नका म्हणजे झालं. ‘प्रकाशविद्युत परिणाम’ हा शब्द आधीच रूढ आहे आणि तो ‘फोटोइलेक्ट्रिक’साठी. मुलं हमखास गोंधळतील. ‘ऑप्टोइलेक्ट्रॉनिक उपकरणं’ असंच राहू द्या.