‘नस’, ‘अनुकंपी’ आणि हृदयाचं पेसिंग

प्रश्न : हृदयविफलतेवरच्या मजकुरात असं वाक्य आलं : ‘नसेतून तार घालून केलेल्या पेसिंगमुळे नसांवरचा ताण कमी होतो.’ (पेसिंग म्हणजे यंत्राच्या विद्युत-संदेशांनी हृदयाचे ठोके चालवणं.) दोन्ही ठिकाणची नस एकच का? आणि ‘सिंपथेटिक’ला, म्हणजे ताणाच्या वेळी हृदयाचा वेग वाढवणाऱ्या चेतासंस्थेला, कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद : एकच नाही. पहिली नस म्हणजे नीला (हृदयाकडे रक्त आणणारी वाहिनी), दुसरी म्हणजे चेता (संदेश वाहणारा तंतू). बोलताना दोन्ही खपतात, इथे मात्र वाचकाला वाटतं की तार चेतेलाच जोडली. प्रत्यक्षात एक तार उजव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात), दुसरी उजव्या निलयात (खालच्या कप्प्यात) आणि तिसरी करोनरी सायनस या हृदयाच्याच नीलेतून डाव्या निलयाच्या बाहेरच्या भिंतीवर जाते. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डाव्या निलयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचं प्रमाण) ३५ टक्के किंवा कमी, लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (डाव्या निलयाकडच्या विद्युतमार्गात अडथळा), क्यूआरएस (ईसीजीवरची निलयांच्या उद्दीपनाची लहर) १५० मिलिसेकंद किंवा जास्त आणि पुरेशी औषधं देऊनही लक्षणं टिकून, अशा रुग्णाला या तीन तारांच्या पेसिंगचा फायदा सर्वांत खात्रीचा.

प्रतिसाद : ‘पेसिंगमुळे’ हेही फार ढोबळ आहे. नुसत्या उजव्या निलयाला सतत पेसिंग दिलं तर डावा निलय उशिरा आकुंचन पावतो, म्हणजे बिघाड वाढू शकतो. इथे ‘दोन्ही निलयांचं पेसिंग’ किंवा ‘पुनर्मेळ उपचार’ लिहावं. निलयांचा मेळ बसला की दर ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडतं, नाडीदाब (वरच्या आणि खालच्या रक्तदाबातला फरक) वाढतो, मानेतल्या रोहिणीतले आणि महारोहिणीच्या कमानीतले दाबग्राही (रक्तदाब टिपणारे चेतांचे टोक) जास्त संदेश पाठवतात आणि मेंदूचा खालचा भाग अनुकंपी चेतांना आवर घालतो. चेतांवरचा परिणाम असा वळसा घेऊन येतो.

‘सिंपथेटिक’ला पाठ्यपुस्तकातला ‘अनुकंपी’ घ्या. ‘अनुकंपा’मुळे दयेचा भास होतो, पण ‘सहानुभूती चेतासंस्था’पेक्षा तो कितीतरी बरा.

प्रश्न : ‘अनुकंपी क्रियाशीलता’ मोजतात कशी? की हा नुसता अंदाज?

प्रतिसाद : थेट मोजतात. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूच्या चेतेत केसासारखा बारीक टंगस्टन इलेक्ट्रोड टोचून स्नायूंकडे जाणाऱ्या संदेशांचे झोत टिपतात. आकडा दोन तऱ्हांनी देतात : मिनिटाला किती झोत आणि दर १०० ठोक्यांना किती. पेसरचा दर बदलला की पहिला आकडा नुसत्या दरामुळेही हलतो. म्हणून पेसिंग चालू आणि बंद अशी तुलना करताना दर सारखा ठेवावा आणि दुसरा आकडाही द्यावा. उपचार लागू पडलेल्या रुग्णांत हे झोत कमी होतात, न पडलेल्यांत फारसे नाही. रक्तातलं नॉरएपिनेफ्रिन (अनुकंपी चेतांतून स्रवणारं रसायन) मात्र एवढं भरवशाचं नाही, तेव्हा त्या एका आकड्यावरून ‘क्रियाशीलता घटली’ लिहू नये.

प्रतिसाद : ‘पेसिंगची टक्केवारी’ (एकूण ठोक्यांपैकी यंत्राने चालवलेले किती) हा शब्दही जपून वापरावा. लक्ष्य ९८ टक्क्यांच्या वर असतं, पण एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (अलिंदांच्या अनियमित थरथरीत) ठोके जलद असले की स्वतःचा ठोका आणि पेसरचा ठोका एकमेकांत मिसळतात. यंत्र ते ‘पेस केलेले’ म्हणूनच मोजतं. टक्केवारी उत्तम आणि लाभ शून्य, असं दिसलं तर १२ लीडचा ईसीजी काढून क्यूआरएसचा आकार पाहावा.

प्रतिसाद : एका बाबतीत मात्र तार खरंच चेतेला उद्दीपित करते. डाव्या निलयावरची तार श्वासपटलाच्या चेतेजवळ आली, तर पेसिंगच्या तालावर पोट उडतं, उचकीसारखं. तार हलवण्याआधी पेसिंगचे ध्रुव (वीज कुठून कुठे वाहते ती टोकं) बदलून पाहतात. विद्युतदाब कमी करायचा तर हृदयाचा ठोका पाडायला लागणाऱ्या किमान विद्युतदाबाच्या वर राखीव ठेवूनच, नाहीतर पोट शांत होतं आणि डावा निलयही पेस होत नाही.