‘अणूकरण’, ‘तुषारीकरण’ की ‘बाष्पन’?

शब्दवेडी: जैवइंधनावर चालणाऱ्या गॅस टर्बाइनच्या एका मजकुरात ‘ॲटमायझेशन’ला ‘अणूकरण’ म्हटलंय. पटत नाही. ‘बाष्पीभवन’ चालेल?

ज्वालक: दोन्ही नकोत. अणूचा इथे काही संबंध नाही. नोझलमधून दाबाने किंवा हवेच्या झोताने द्रवाचे बारीक थेंब होतात, एवढंच, म्हणून ‘तुषारीकरण’. बाष्पन ही पुढची पायरी. ती अर्धवट राहिली की थेंबाभोवती हवा-इंधनाचं नेमकं प्रमाण जुळतं, तिथे ज्योत सर्वांत तापते, आणि साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर नायट्रोजनचे ऑक्साइड झपाट्याने वाढतात. एकूण मिश्रण विरल, म्हणजे हवा जास्त नि इंधन कमी, असूनही!

शब्दवेडी: मग ‘लीन प्रीमिक्स्ड प्रीव्हेपराइझ्ड’ म्हणजे ‘पूर्वबाष्पित, पूर्वमिश्रित, विरल’?

ज्वालक: हो, हाच क्रम ठेवा: आधी वाफ, मग मिश्रण, मग ज्योत. अडचण अशी, की दाबाखालच्या गरम हवेत बायोडिझेलची वाफ काही मिलिसेकंदांतच आपोआप पेटू शकते. ते ‘स्वयंप्रज्वलन’. पेटलेली ज्योत उलटी मिश्रणनळीत शिरली, तर ‘ज्योत परतणं’. नळी दोन्हींत जळते, पण कारणं वेगळी. नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूत वाफ केली, तर ऑक्सिजन कमी असल्याने ती बर्नरपर्यंत न पेटता पोचते.

तेलकट: ‘व्हिस्कॉसिटी’ला ‘दाटपणा’ लिहू नका, वाचणाऱ्याला घनता वाटते. कच्चं वनस्पती तेल घनतेत डिझेलपेक्षा जेमतेम १० टक्के जड. श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, मात्र ४० अंशांवर ३०-४० सेंटिस्टोक (श्यानतेचं एकक), म्हणजे डिझेलच्या सुमारे दहापट. न तापवता सोडलं तर थेंब मोठे होतात, नोझलच्या तोंडाशी कोळसा धरतो आणि फवारा वाकडा पडतो. बायोडिझेल ३.५ ते ५, त्याला ही कटकट नाही. इथेनॉल उलट इतकं पातळ आणि वंगणगुण इतका कमी, की पंप झिजतो. शिवाय किलोमागे उष्णता २७ मेगाज्यूल, डिझेलची ४३. तेवढ्याच शक्तीला वजनाने दीडपटीहून जास्त इंधन लागतं.

शब्दवेडी: ‘शुद्ध बायोडिझेल’ हा शब्द?

तेलकट: जपून. युरोपीय मानक ईएन १४२१४ सोडियम आणि पोटॅशियम मिळून किलोला ५ मिलिग्रॅम चालवून घेतं. टर्बाइनला साधारण १ मिलिग्रॅमच्या आत हवं. हे क्षार गंधकाशी मिळून सोडियम सल्फेट होतं, ते ८८४ अंशांना वितळतं आणि पात्यांचा लेप खातं. त्याला ‘गंज’ नको, ‘तप्त क्षरण’ म्हणा.