मदत हवी आहे: होमब्रू नियमांत मंत्र उलटवणारी ढाल कशी बसवावी?

आमच्या गटासाठी स्वतःची टेबलटॉप आरपीजी (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन खेळायचा खेळ) लिहितोय. डी२० (वीस बाजूंचा फासा), सहा पातळ्यांचे मंत्र, स्लॉटऐवजी (ठराविक वेळाच मंत्र टाकायची मुभा) मंत्रबळाचे गुण. मंत्राची पातळी जितकी, तितके गुण खर्च. हल्ल्याचे मंत्र झाले लिहून. अडलंय बचावाच्या मंत्रांवर.

त्यातलं शोषणारं कवच जमलं: पातळीमागे ५ हिट पॉइंटचं (जीवबळाचं) नुकसान गिळतं, भरलं की फुटतं. एसी (वार लागायला फाशावर गाठायचा आकडा) वाढवणारा मंत्र मुद्दाम ठेवला नाही. डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) पाचव्या आवृत्तीतला 'शील्ड' पहिल्या पातळीचा असून +५ एसी देतो, म्हणजे डी२० वर बहुतेक वेळा २५ टक्क्यांचा फरक. शिवाय वार लागल्याचं कळल्यावर रिअ‍ॅक्शन म्हणून (दुसऱ्याच्या पाळीतली झटपट कृती) वापरायचा. दर वाराला कुणीतरी "थांबा, थांबा" म्हणणार आणि लढाई रेंगाळणार. मला ते नको.

खरी डोकेदुखी आहे आलेला मंत्र टाकणाऱ्यावरच उलटवणारी ढाल. मी तिला 'आरसा' म्हणतो. पहिला मसुदा असा: रिअ‍ॅक्शन घ्या, मंत्राच्या पातळीइतके गुण मोजा, मंत्र परत. कागदावर बरोबरीचा सौदा वाटतो. पण समोरच्याने गुणांबरोबर आपली पूर्ण टर्न घालवलेली असते, आरसेवाल्याची गेली फक्त रिअ‍ॅक्शन. त्याला बचाव मिळाला, हल्लाही मिळाला, आणि स्वतःची टर्न अजून शाबूत. असा मंत्र असताना दुसरा कुठलाही कोण शिकेल?

इतरांनी काय केलंय ते पाहिलं. पाचव्या आवृत्तीतली (२०१४ चे नियम) 'रिंग ऑफ स्पेल टर्निंग' ही अंगठी फक्त तुमच्या एकट्यावर टाकलेल्या मंत्रांच्या सेव्हला (बचावाच्या फाशाला) अ‍ॅडव्हान्टेज देते. फाशावर २० आले आणि मंत्र सातव्या किंवा खालच्या पातळीचा असेल तरच उलटतो. अॅडव्हान्टेजमध्ये दोन फासे टाकून मोठा घेतात, ते धरून शक्यता ९.७५ टक्के. टॅरास्क या महाकाय राक्षसाच्या कवचावर काही ठराविक प्रकारचे मंत्र आपटले की डी६ टाकतात, ६ आला तर परत. राक्षसाला हे शोभतं. पण खेळाडूने गुण मोजून विकत घेतलेली गोष्ट नशिबावर सोडली तर तो चिडणार, आणि बरोबरच आहे त्याचं.

डी अँड डीच्याच ३.५ आवृत्तीतला 'स्पेल टर्निंग' मला जास्त आवडला. १डी४+६ (चार बाजूंचा एक फासा अधिक ६), म्हणजे ७ ते १० पातळ्यांचा साठा. डीएम (खेळ चालवणारा) तो गुपचूप ठरवतो, प्रत्येक उलटवलेल्या मंत्रागणिक तो घटतो. तीन पातळ्या उरल्या असताना चौथ्या पातळीचा मंत्र आला तर पाव भाग तुम्हाला लागतो, पाऊण परत जातो. कल्पना सुरेख, पण भर लढाईत अपूर्णांकांचे हिशोब आमच्या टेबलावर कोणी करणार नाही. (मी तर नाहीच.)

तर प्रश्न:

१. आरशाची किंमत गुणांत वाढवू की टर्नमध्ये?
२. उलटलेल्या मंत्राला नवा फासा टाकायचा का? कोणाच्या बोनसने?
३. आगीच्या गोळ्यासारखे क्षेत्रावर पडणारे मंत्र आरशाला लागू व्हावेत का?
४. दोघांकडेही आरसा असेल तर?

प्रतिसाद: कागदी ड्रॅगन

टर्नमध्ये वाढवा. गुण दुप्पट केलेत तरी शेवटच्या लढाईत सगळे गुण उधळतातच, मग तिथे आरसाच राज्य करणार. आरसा स्वतःच्या टर्नमध्ये, मुख्य कृती खर्चून उभा करायचा आणि पुढच्या टर्नच्या सुरुवातीला मावळायचा असं ठेवा. समोरच्याची एक कृती, तुमचीही एक. आता आरसा म्हणजे मंत्र येईल यावर लावलेला डाव होतो.

क्षेत्राचे मंत्र सरळ वगळा. ३.५ मध्येही वगळलेत. गोळा जागेवर फुटतो, माणसावर नाही. तो 'परत' कुठे पाठवणार?

फासा पुन्हा टाका, पण मूळ मंत्र टाकणाऱ्याच्याच बोनसने. अंगठीचा नियमही तसाच आहे. नाहीतर नवशिक्याचा किरकोळ मंत्र महाजादूगाराच्या बोनसने परत येईल.

प्रतिसाद: वीसबाजू

ड्रॅगनसाहेब, एक अडचण. आरसा दिसत असेल तर शत्रू मंत्र टाकेलच कशाला? तलवार काढेल. खेळाडूची मुख्य कृती पाण्यात.

प्रतिसाद: कागदी ड्रॅगन

जादूगाराला तलवार काढायला लावली ही कमाई नाही का? पण दर वेळी तेच झालं तर कंटाळा येईल हे मान्य. मग बचावाचा मंत्र टाकताना फक्त 'ढाल उभी केली' एवढंच जाहीर करायचं. कवच की आरसा ते चिठ्ठीवर लिहून पालथं ठेवायचं. समोरच्याने ओळखण्यासाठी कृती खर्चून चाचणी द्यावी, नाहीतर अंदाज बांधावा.

प्रतिसाद: धागाकर्ता

चिठ्ठी झकास! कवचालाही त्यामुळे दुसरा उपयोग मिळतो, हूल द्यायचा. जीएमने (खेळ चालवणाऱ्याने) मात्र खेळाडूंची चिठ्ठी आधी वाचायची नाही, हे नियमातच लिहावं लागेल. चौथ्या प्रश्नाचं काय?

प्रतिसाद: वीसबाजू

३.५ मध्ये दोन्हीकडे स्पेल टर्निंग असेल तर डी१०० टाकतात. ७० पर्यंत मंत्र विरून जातो, ७१ ते ८० दोघांनाही पूर्ण लागतो, ८१ ते ९७ दोघांचंही संरक्षण १डी४×१० मिनिटं बंद, आणि त्यावर आलं तर दोघंही फटीतून दुसऱ्या प्रतलात, म्हणजे वेगळ्याच जगात! मोहिमेची दिशाच बदलते. मी तर हे जसंच्या तसं उचलीन.

प्रतिसाद: कागदी ड्रॅगन

तीन टक्क्यांसाठी अख्खा तक्ता? 'उलटलेला मंत्र पुन्हा उलटत नाही, दुसरा आरसा फक्त तो विझवतो आणि फुटतो.' एका ओळीत काम.

प्रतिसाद: धागाकर्ता

नियमात ओळ ठेवतो, तक्ता परिशिष्टात. पुढच्या सत्रात चिठ्ठ्या वापरून बघतो. तोवर आणखी एक: आरसा उभा असताना मित्राने बरं करणारा मंत्र टाकला तर तोही उलटायचा का? माझा कल 'हो' कडे आहे.